कौशल्याची सोयरीक

आमच्या वऱ्हाडात पूर्वी सोयरीक जुळवावयाची म्हणजे केवळ मुलगा-मुलगी पाहून भागत नसे. दोन्हीकडची वडीलधारी माणसे एकमेकांच्या घरी जात, विहिरीला वैशाखात पाणी किती राहते ते विचारीत, गोठ्यातल्या बैलांच्या पाठीवरून हात फिरवीत, ओसरीवर बसल्या बसल्या घरातल्या माणसांचे आपसांत कसे चालते याचा अदमास घेत, आणि मग कोठे साक्षगंधाची तिथी ठरे. साक्षगंधाने त्या संबंधाची चारचौघांत वाच्यता होई एवढेच. त्याचा आरंभ आधीच झालेला असे, आणि त्याची कसोटी पुढे पहिल्या नापिकीत, पहिल्या बाळंतपणात, पहिल्या कर्जात लागे. व्यावसायिक शिक्षणाच्या प्रांतात ‘भागीदारी’ हा शब्द अलीकडे ज्या उत्साहाने उच्चारला जातो, तो ऐकताना मला या रीतीचे वारंवार स्मरण होते. कारण संस्थासंस्थांची आणि उद्योगांची साक्षगंधे आपल्याकडे पुष्कळ होऊ लागली असली, तरी दोन घरांचे जे जाणे-येणे त्या विधीला अर्थ देते, त्याचा विचार मात्र फारसा कोणी करताना दिसत नाही.

उत्साहाला कारण नाही असे मी म्हणणार नाही. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे देशातील १,००० शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची पुनर्रचना व्हावयाची असून, त्यांपैकी २०० संस्था मध्यवर्ती आणि उरलेल्या ८०० त्यांच्याशी जोडलेल्या अशी ती रचना आहे. या कामी ६०,००० कोटी रुपयांची तरतूद योजिलेली असून, तीत केंद्र व राज्ये यांच्याबरोबर उद्योगांचाही हिस्सा आहे. त्यापूर्वी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या समारंभात महाराष्ट्रातील एक हजार महाविद्यालयांत कौशल्य विकास केंद्रे उघडण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला, आणि त्याच समारंभात अमरावतीच्या नांदगाव पेठ येथील विशाल वस्त्रोद्योग उद्यानाची कोनशिलाही बसविली गेली. तिकडे आफ्रिका खंडातील कित्येक देशांची व्यावसायिक महाविद्यालये परस्परांशी आणि परदेशी संस्थांशी जोडून घेऊन संगणकीय व पर्यावरणपोषक कौशल्ये आपल्या तरुणांना देऊ पाहत आहेत. अडचण सर्वत्र सारखीच आहे. यंत्र बदलले, इंधन बदलले, ऋतूंची शाश्वती उरली नाही, आणि शाळेतील फळ्यावरची आकृती मात्र पूर्वीचीच राहिली. तेव्हा एकट्या संस्थेने हे अंतर तोडणे शक्य नाही, तिला सोबत हवी, हे सर्वांनाच पटले आहे. प्रश्न आहे तो सोबत कोणाची, आणि कोणत्या कामासाठी, हा.

या प्रश्नाचा विचार मी वलगावी बसून करतो आहे. अमरावतीहून चांदूर बाजारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीकाठचे हे आमचे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते एका कारणाने: २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगे महाराजांनी या नदीच्या पुलाजवळ देह ठेवला. माझा विषय सुचला तो मात्र त्या पुलापासून फार दूर नसलेल्या एका वावरात, गेल्या रब्बीत घडलेल्या एका साध्या प्रसंगावरून, आणि तो जरा सविस्तर सांगितल्यावाचून माझे म्हणणे स्पष्ट होणार नाही.

हरभरा घाट्यावर आलेला, ओलिताची शेवटची पाळी द्यावयाची, आणि नेमका सौर पंप बंद पडला. ऊन लख्ख पडलेले होते; धुऱ्याशी उभी केलेली पटले निळी-काळी चमकत होती; नियंत्रकाच्या पेटीवरील लहानशा पडद्यावर मात्र तांबडा दिवा आणि एक आकडा एवढेच दिसत होते. मालकाने कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाच दिवस झालेले. शेजारच्या घरचा एक मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याला कोणीतरी बोलावून आणले. ‘‘हे पोट्टं काय करनार हाय? कंपनीचा मानूस येईल तवाच होईल,’’ असे मालक म्हणाले, आणि मुलगाही पुढे होईना, कारण त्याने संस्थेत मोटार बांधली होती, घराची वायरिंग केली होती, पण असली पटले त्याच्या अभ्यासक्रमात चित्रापुरतीच येऊन गेली होती. अखेर त्याने आपल्या निदेशकांना दूरध्वनी लावला. त्या गृहस्थांचे मला आजही कौतुक वाटते. ते म्हणाले, ‘‘बाबू, यातलं मलाही पुरतं येत नाही. थांब, आपला एक जुना पोरगा सोलरच्या कामावर आहे, त्याला जोडून देतो.’’ आणि मग त्या वावरात उन्हात उभे राहून एक विद्यार्थी, शहरात बसलेले त्याचे गुरू आणि दुसऱ्या जिल्ह्यात कामावर असलेला त्याच गुरूंचा माजी शिष्य यांचे जे संभाषण मी ऐकले, ते माझ्या दृष्टीने व्यावसायिक शिक्षणावरच्या पुष्कळ परिसंवादांहून मोलाचे होते.

माजी विद्यार्थ्याने पहिली गोष्ट कोणती सांगितली असेल? काहीही उघडू नकोस, आधी पटले ताडपत्रीने झाक. याचे कारण वाचकांनी समजून घेण्यासारखे आहे. आपल्या घरात येणारी वीज ही दिशा पालटणारी असते. सेकंदाला पन्नास आवर्तने, म्हणजे प्रत्येक सेकंदात ती शंभर वेळा शून्यावर येते, आणि तार सुटताना ठिणगी पडलीच तर त्या क्षणिक शून्यात तिला विझावयास वाव मिळतो. सूर्याच्या पटलातून निघणारा प्रवाह एकाच दिशेचा. त्याला असा विसावा नाही. पटले माळेसारखी एकामागोमाग एक ओवलेली असल्याने त्यांचा दाब कित्येकशे व्होल्टपर्यंत चढतो, आणि अशा स्थितीत चालू जोड ओढून काढला तर दोन टोकांमध्ये पेटलेली ज्योत विझत नाही, ती हात भाजते. शिवाय खटका बंद केला तरी पटलाची वीज थांबत नाही. जोवर ऊन आहे तोवर ते वीज निर्माण करीतच राहते. चाळीस वर्षे घरोघरची वीज हाताळलेल्या कसलेल्या तारतंत्र्यालाही जे ठाऊक असेलच असे नाही, ते एवढेच एक वाक्य: आधी झाक, मग उघड.

मुलाने तसे केले. मीटर लावून एकेक पटल तपासत गेला. सातव्या आणि आठव्या पटलांमधला प्लास्टिकचा जोड आतून करपलेला निघाला. कधीतरी सैल बसविला गेला असावा, सैल जोडातून प्रवाह गेला की तो तापतो, आणि माळेतला एक मणी तुटला की सारी माळ निकामी. तो जोड त्याने बदलला मात्र नाही. त्याच्याजवळ दाबाचे हत्यार नव्हते, आणि कंपनीच्या हमीच्या मुदतीत परक्याने हात लावला तर हमी रद्द होण्याचे भय होते. त्याने छायाचित्र घेतले, जोडाचा प्रकार लिहिला, पडद्यावरचा आकडा लिहिला, आणि तो तपशील मालकाच्या हातून कंपनीस धाडला. दुसऱ्या दिवशी आलेला माणूस नेमका तोच जोड घेऊन आला आणि घटकाभरात पाणी सुरू झाले.

या प्रसंगात भागीदारी कोणाची झाली ते पाहण्यासारखे आहे. शेतकरी, शिकाऊ मुलगा, आपले अज्ञान मोकळेपणी सांगणारा निदेशक, कामावरचा माजी विद्यार्थी आणि अखेरीस कंपनीचा कारागीर, अशी ही साखळी होती. आणि कोणत्याही करारनाम्यात यांतील एकाचेही नाव सापडणार नाही. करारावर सही असते ती संचालकांची आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांची. त्यांच्या सहीला महत्त्व नाही असे नव्हे. मंजुरी, निधी, इमारत, यंत्रसामग्री ही त्यांच्याच हातून यावयाची. परंतु कौशल्य ही वस्तू वरून खाली पाण्यासारखी वाहत नाही. ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते, आणि ते दोन हात एकाच यंत्रावर, एकाच वेळी असावे लागतात. म्हणून माझे प्रतिपादन असे की, संगणकीय व हरित कौशल्यांसाठी होणाऱ्या भागीदारीचे खरे पक्ष निदेशक आणि दुरुस्तीची गरज असलेला गाव हे होत. त्यांना वगळून झालेली सोयरीक कितीही थाटाची असो, नांदणार नाही.

ज्यांना आपण नवी कौशल्ये म्हणतो ती बहुतांशी जुन्याच धंद्यांची नवी वळणे आहेत, हे लक्षात न घेतल्यामुळे आपला बराच घोटाळा होतो. आमच्या लहानपणी गावात एक लोहार होते. मृगाच्या आधी वखराच्या पाशी शेवटून देण्याचे काम संपले की पुढे कापसाच्या हंगामात ते शहरातील जिनिंगमध्ये जोडारी म्हणून जात. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला जे दिवस आणले आणि १८६७ साली नागपूरला पोहोचलेल्या लोहमार्गाने ज्या व्यापाराला पाय फुटले, त्या व्यापाराबरोबर आलेल्या यंत्रांशी आमच्या लोहार-सुतारांनी असेच हाताने नाते जोडले होते. जिनच्या चामडी रुळाशी सुरी किती भिडली आहे हे आमचे लोहारबाबा नुसत्या आवाजावरून ओळखीत. आता त्या रुळाकडे नव्या दृष्टीने पाहा. तो क्रोमने कमाविलेल्या चामड्याच्या चकत्यांचा असतो. घासून घासून त्याची धूळ उडते, क्रोमियम कापसात उतरते आणि कामगारांच्या छातीतही जाते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमविरहित रूळ तयार केले ते याच कारणाने. असा रूळ बसविणे, त्याची झीज मोजणे, सुरीचे अंतर नव्याने साधणे हे हरित कौशल्य नव्हे तर काय? पण ते शिकावयाला हरित विद्येची निराळी पदविका लागत नाही. चांगला जोडारी लागतो, ज्याला आपल्या कामातील विष कोठे आहे हे कोणीतरी समजावून दिले आहे. संगणकीय कौशल्याचेही असेच. त्या शब्दाचा अर्थ खोलीत बसून पत्रे टंकित करणे असा आपण फार दिवस केला. पेटीवरचा आकडा वाचून त्यावरून विहिरीतील पाणी खाली गेले की जोड करपला, हे ओळखणे ही त्या कौशल्याची खरी परीक्षा आहे.

संस्था आणि उद्योग यांची गाठ घालण्याचा प्रयत्न यापूर्वी झाला नाही असे नाही. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. २००७-०८ मध्ये केंद्राने १,३९६ शासकीय संस्थांसाठी खाजगी सहभागाची योजना आणली, तेव्हा प्रत्येक संस्थेला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि उद्योगाच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली एक व्यवस्थापन समिती अशी तरतूद होती. कल्पना निर्दोष होती. तथापि समिती म्हणजे बैठक, बैठक म्हणजे कार्यवृत्त, आणि कार्यवृत्त म्हणजे दप्तर. एका संस्थेत, जिचे नाव मी घेणार नाही, मी स्वतः कापडाने झाकून ठेवलेली नवी यंत्रे पाहिली आहेत. ती बिघडली तर जबाबदारी कोणाची हे ठरले नव्हते म्हणून ती वापरली जात नव्हती. विद्यार्थ्याच्या हातून जे बिघडू शकत नाही त्यातून विद्यार्थी शिकत नाही, हे त्या करारनाम्यात कोणीतरी लिहावयास हवे होते.

आमच्या शेजारच्या वर्ध्याने या देशाला शिक्षणाविषयी एक फार मोठा विचार दिला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे जी परिषद भरली, तिच्यातून डॉ. झाकिर हुसेन समिती आणि पुढे नई तालीम जन्मास आली. हाताने केलेल्या उपयुक्त कामातूनच बुद्धीचे शिक्षण व्हावे, हा तिचा गाभा. तो विचार पुढे शाळाशाळांत टकळीच्या तासापुरता उरला, याबद्दल आपण पुष्कळदा गांधीजींना किंवा टकळीला दोष देतो. मला त्यातले एक कारण निराळे दिसते. बहुतेक ठिकाणी शिक्षकाला हस्तोद्योग येत नव्हता, आणि ज्याला येत होता त्या कारागिराला गुरुजी म्हणून नेमण्याची सोय सरकारी नियमांत नव्हती. शिकविण्याचा अधिकार प्रमाणपत्राकडे आणि ज्ञान हाताकडे, अशी वाटणी झाली की शिक्षण दोघांनाही मुकते. आजच्या निदेशकाची अडचण नेमकी हीच आहे. वीस वर्षांपूर्वी जे शिकून तो नोकरीत लागला त्यावर त्याची हजेरी, वेतन आणि निवृत्ती चालते. त्याला पुन्हा शिकावयास पाठविणे हे कोणत्याच खात्याला तातडीचे वाटत नाही.

जेथे ही वाटणी मोडली तेथे काय घडते याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली मुले तेथे येत. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती ही कामे गावाला लागतात म्हणून करीत, आणि करता करता त्यांतले गणित व विज्ञान शिकत. शिकविणारा स्वतः गावातला धंदेवाईक असावा, दिवसा मुलांना शिकवून तीच अवजारे त्याने आपल्या धंद्यासही वापरावीत, असा कलबागांचा आग्रह होता, आणि मला तो त्यांच्या सर्व विचारांत थोर वाटतो; कारण त्यायोगे अवजार झाकून ठेवण्याचा प्रश्नच मिटतो. याच पाबळला २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने संगणकनियंत्रित यंत्रांची ‘फॅब लॅब’ आली, आणि दोन वर्षांनी, २००४ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात ताकोराडी तंत्रशिक्षण संस्थेत तशीच प्रयोगशाळा निघाली. एक दुष्काळी मराठी गाव आणि एक आफ्रिकी बंदर एकाच जाळ्यात गुंफले गेले, ते दोन राजधान्यांनी ठरविले म्हणून नव्हे. दोन्हीकडे आपल्या गरजेची वस्तू आपणच घडवू पाहणारी मुले होती म्हणून.

राजस्थानातील तिलोनियाची कथाही याच जातीची आहे. तेथील बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेच्या अनेक देशांतल्या खेड्यांतून आलेल्या, बहुधा निरक्षर किंवा अल्पशिक्षित, पुष्कळदा आजी झालेल्या बायका सहा महिने राहून सौरदिव्यांची जुळणी व दुरुस्ती शिकल्या. शिकविणारीला त्यांची भाषा येत नसे, त्यांना शिकविणारीची येत नसे. तारांचे रंग, खुणा आणि हाताला हात लावून दाखविणे एवढ्यावर काम चाले. त्या बायकांना निवडण्यामागची दृष्टी मोठी मार्मिक होती: प्रमाणपत्र मिळाले की तरुण शहराकडे निघतो, आजीबाई गावी परत जाते आणि गावातच राहते. भागीदारी एका संस्थेची दुसऱ्या संस्थेशी न होता संस्थेची थेट गावाशी झाली.

विदर्भापुरते बोलायचे तर आफ्रिकेशी आमचे नाते कापसाचे आहे. भारत सरकारने २०१२ पासून बेनिन, बुर्किना फासो, चाड, युगांडा इत्यादी कापूसकरी देशांसाठी जो तांत्रिक साहाय्याचा कार्यक्रम चालविला, त्यात मुंबईच्या उपर्युक्त कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर येथील जिनिंग प्रशिक्षण केंद्राचा वाटा होता. कापसातून सरकी काढण्यापासून पऱ्हाटीच्या देठांचे इंधन-कांडीत रूपांतर करण्यापर्यंतच्या गोष्टी त्या कार्यक्रमात अंतर्भूत होत्या. नागपूर आमच्या गावाहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. आणि फाल्गुनात संध्याकाळी पेढीच्या पुलावर उभा राहून दोहों बाजूंच्या वावरांतून उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यांवर जळताना मी दरवर्षी पाहतो. एका ढिगाला काडी लावताना शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद नसतो. त्याला गुलाबी बोंडअळीच्या कोषांची धास्ती असते, पुढच्या नांगरटीची घाई असते, आणि ते देठ उचलून नेणारा, चुरा करणारा, दाबून कांडी करणारा कोणी जवळपास नसतो. ज्ञान सागर ओलांडून बेनिनला जाऊ शकते आणि दीडशे किलोमीटर येता येता थांबते, याचा अर्थ मार्ग मध्येच तुटलेला आहे. मध्ये जी एक कडी हवी ती तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. तेथे कुट्टीचे व कांडीचे यंत्र चालविणारा, पाते धारेला लावणारा, ओलावा मोजणारा हात तयार होत नाही, तोवर ते ज्ञान प्रात्यक्षिकाच्या मंडपातच राहील.

येथे एक आक्षेप येईल आणि तो मी अत्यंत आदराने ऐकतो. गावातल्या पोरांना गावच्या दुरुस्तीत अडकवून ठेवण्याचा हा बेत आहे, बलुतेदारी नव्या नावाने परत आणण्याचा आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला आमचा इतिहासच साक्ष देतो. हातांची कामे काही जातींकडे आणि लेखणी काही जातींकडे, ही व्यवस्था शतकानुशतके चालली, म्हणूनच डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून शेतकऱ्याच्या पोराच्या हाती पुस्तक दिले, तेव्हा ते सामाजिक मुक्तीचे कार्य होते. ज्या बापाने वखराच्या मागे आयुष्य घालविले त्याला आपला मुलगा खुर्चीवर बसलेला पाहावासा वाटतो, आणि त्याच्या या इच्छेची टर उडविण्याचा अधिकार कोणालाही नाही. माझे उत्तर एवढेच की, ज्या हस्तकौशल्यात गणित वगळले जाते ते बलुते होय, आणि ज्यात गणित आत येते ती विद्या होय. त्या मुलाला केवळ जोड बदलावयास शिकविले तर तो आयुष्यभर जोडच बदलील. दाब, प्रवाह, रोध यांचा संबंध त्याला कळला, सरळ प्रवाहाची ठिणगी का विझत नाही हे कळले, तर त्याला पुढचा दरवाजा उघडतो. दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय-अभ्यासक्रम पुरा केलेल्या विद्यार्थ्यास तंत्रनिकेतनाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहेच. ही वाट रुंद करणे, तिच्यावरून चालणाऱ्यांना गणिताचा आधार देणे, हे भागीदारीचे एक प्रमुख अंग मानले पाहिजे. शाळेत मी आयुष्यभर गणितच शिकविले, तेव्हा या बाबतीत माझा आग्रह जरा अधिक आहे, हे मी लपवीत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: या मुलांना पैसा कोण देणार? येथे शासनाच्या हाती एक साधन आयतेच आहे. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के हिस्सा भरावयाचा असतो, बाकीचा खर्च सरकार करते, आणि पुरवठादारावर पाच वर्षांच्या दुरुस्तीची जबाबदारी असते. पाच वर्षांची मुदत संपेल तेव्हा त्या पटलांचे आयुष्य निम्मेही सरलेले नसेल, कारण ती वीस-पंचवीस वर्षे टिकावयाची असतात; मग उरलेल्या काळात तांबड्या दिव्याचा अर्थ कोण सांगणार? पुरवठ्याच्या अटींतच अशी एक अट घालता येईल की, ज्या तालुक्यात पंप बसतील त्या तालुक्यातील प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थी कायद्यान्वये शिकाऊ उमेदवार म्हणून, विद्यावेतन घेऊन, कंपनीच्या कारागिराबरोबर दुरुस्तीस जातील, आणि संस्थेचा निदेशक दर दोन वर्षांनी एक महिना त्याच कामावर राहील. यास नवे खाते लागत नाही, नवी इमारत लागत नाही. सही करणाऱ्याने आपल्या सहीखाली आणखी दोन माणसांची नावे लिहावयाची, इतकेच.

गाडगे महाराजांनी आपल्या हयातीत धर्मशाळा, वसतिगृहे, शाळा उभारल्या, आणि बेकारांना काम मिळावे हेही त्यांच्या शिकवणुकीतले एक सूत्र होते. पण मला त्यांच्या रीतीतली एक गोष्ट फार मोठी वाटते. गावात आल्यावर ते आधी खराटा हाती घेत, दिवसभर गल्ल्या झाडीत, आणि कीर्तन रात्री करीत. ज्या गावाशी बोलायचे त्या गावाची घाण आधी आपल्या हाताने उचलली असल्यामुळे रात्रीच्या शब्दाला जे वजन येई, ते येणाऱ्या-जाणाऱ्या उपदेशकाच्या शब्दाला येत नसे. संस्थांनी गावात शिरावयाचे ते याच क्रमाने, असे मला वाटते. आधी बंद पडलेल्या पंपाशी जावे, जिनच्या धुळीत उभे राहावे, जळत्या पऱ्हाटीच्या धुरात डोळे चोळावे. अभ्यासक्रम नंतर लिहावा.

त्या दिवशीच्या प्रसंगानंतर मी त्या मुलाला एक कोरी वही दिली आणि तीत काय काय बिघडले ते लिहून ठेवण्यास सांगितले. त्याने ती माझ्या कल्पनेपेक्षा अधिक मनावर घेतली. आता तिच्यात रकाने आहेत: तारीख, वावर, यंत्र, पडद्यावरचा आकडा, कारण, उपाय, आणि कोणाला विचारले. शेजारच्या गावाचे दोघे विद्यार्थी तीच माहिती भ्रमणध्वनीवर एकमेकांना पाठवितात, आणि त्यांचे निदेशक त्यातली उदाहरणे वर्गात घेतात असे कानी आले. अशी वही अकोल्याच्या संस्थेची असेल, धारणीची असेल, ताकोराडीचीही असू शकेल. करपलेला जोड सर्वत्र सारखाच करपतो, आणि या वह्या एकमेकांस वाचावयास मिळू लागल्या तर ज्यास आज आपण मोठ्या शब्दांत संस्थांचे जाळे म्हणतो ते आपोआप विणले जाईल. परवा तो वही दाखवावयास घरी आला होता. एकोणीस नोंदी झाल्या होत्या. तीन ठिकाणी कारणाच्या रकान्यात त्याने ‘समजले नाही’ असे लिहिले होते आणि खाली जागा मोकळी सोडली होती. पहिल्या पानावर, सर्वांत वर, तांबड्या शाईने चौकट करून एकच ओळ होती: ‘आधी झाक, मग उघड.’ मी विचारले, ही तांबडी चौकट कशाला? तो म्हणाला, ‘‘गुरुजी, माह्या नंतर जो ही वही उघडीन, त्याले सगळ्यात आधी हेच दिसलं पाहिजे.’’